विसण लागणारा उकिरडा

माझ्या मामाकडे तापमान मोजायचं एकच माप आहे. आंघोळीच्या पाण्याला विसण लागतं, किंवा लागत नाही. गार पाणी मिसळल्याशिवाय अंगावर घेता आलं नाही तर ते ऊन पाणी. बाकी सगळं कोमट, आणि कोमट पाण्याने आंघोळ करणाऱ्या माणसांविषयी मामाचं मत फारसं बरं नाही. मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. माझ्याकडे दशांशापर्यंत आकडा दाखवणारा थर्मामीटर आहे. तरीही माझ्या पीएच.डी.ची सुरुवात मामाच्या या मापाने झाली, आणि ही गोष्ट मी सहा वर्षं कोणालाही कळू दिली नव्हती.

मामाचं गाव म्हसळ्याच्या बाजूला, किनाऱ्यापासून आत, भातशेतीचं. आई-वडील मुंबईला नोकरी करायचे आणि तिथली खोली एवढीशी, म्हणून पाचवी ते दहावी मी मामा-मामीकडे काढली. मामीला मूल नाही. तिने मला वाढवलं ते खायला घालून आणि फटके देऊन, दोन्ही भरपूर. शाळेला जायच्या आधी गोठा लोटायचं काम माझ्याकडे असायचं. सातवीत शेजारच्या मुलीने वासाची तक्रार केली आणि बाईंनी मला एकटीला मागच्या बाकावर बसवलं. हे मी घरी सांगितलं नाही. फक्त त्यानंतर दप्तरात साबणाची वडी ठेवायला लागले, आणि शेण, गोठा, उकिरडा हे शब्द चारचौघांत माझ्या तोंडून यायचे बंद झाले.

पुढे नोकरी लागली, थळला भाड्याने राहायला आले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर पीएच.डी.ची हौस आली. माझे मार्गदर्शक, ज्यांना मी सर म्हणते, ते मुंबईत असतात. त्यांनी विषय दिला: उष्णता सोसणारी विकरं तयार करणारी बुरशी शोधा. विकरं म्हणजे एन्झाइम. बुरशीला तोंड नाही, दात नाहीत. ती पेंढ्यावर आपली विकरं सोडते, पेंढा विरघळतो, मग ती तो शोषून घेते. ही विकरं कोंबड्यांच्या खाद्यात घातली तर त्यांना कोंडा चांगला पचतो. पण खाद्याच्या गोळ्या वाफेवर करतात, आणि साधी विकरं त्या वाफेत अंड्यातल्या पांढऱ्यासारखी शिजून बाद होतात. म्हणून वाफेला न घाबरणारी विकरं हवीत, आणि ती देणारी, उष्णतेतच वाढणारी बुरशी हवी.

वर्षभर मी ती शोधत हिंडले. गरम पाण्याच्या कुंडांवर जाऊन आले. तिथे भाविक डुबक्या मारत होते आणि मी काठावर उकिडवी बसून बाटलीत चिखल भरत होते. एका आजींनी मला तो चिखल चेहऱ्याला कधी लावायचा असं विचारलं. त्या चिखलातून काही निघालं नाही, आणि मी विषय बदलून मागायच्या बेतात होते.

तशात डिसेंबरच्या सुट्टीत गावी गेले. सकाळी न्हाणीत बादलीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला, इतकं पाणी कढत. बाहेर येऊन पाहिलं तर चूल थंड, गॅसवर चहा. मी मामीला विचारलं, पाणी तापवलं कुठे? मामीने नाक मुरडून परसाकडे बोट दाखवलं. गुडघे दुखायला लागल्यापासून मामाने लाकडं फोडणं बंद केलं होतं, आणि गॅस आंघोळीसाठी जाळणं त्याला मान्य नव्हतं. म्हणून तो संध्याकाळी झाकण लावलेला हंडा उकिरड्यात गळ्यापर्यंत पुरायचा आणि सकाळी काढायचा. भाताची झोडणी नुकतीच झालेली, पेंढ्याचा सगळा कचरा आणि शेण त्या ढिगात, आणि आतून तो असा तापलेला की मामाला चांगलं अर्धी बादली विसण लागायचं.

मी त्या ढिगात खुरपं घालून पाहिलं. आतल्या पेंढ्यावर राखाडी पिठूळ थर होता. मला इतका आनंद झाला की मी उकिरड्यावर उभ्या उभ्या मामाला मिठी मारली. मामीने लोणच्याची रिकामी बरणी दिली खरी, पण ती बरणी परत आणायची नाही या अटीवर.

त्या बरणीतून माझी बुरशी निघाली. प्रयोगशाळेत मी गव्हाचा कोंडा ओला करायचे, कुकरमध्ये निर्जंतुक करायचे, त्यावर बुरशी पेरायचे आणि पन्नास अंशाच्या कपाटात ठेवून द्यायचे. चार-पाच दिवसांनी तो कोंडा पाण्यात कालवून फडक्यातून गाळला की चहासारखं पाणी निघायचं. त्यात माझी विकरं. ती सत्तर अंशालाही तासभर काम करायची. सरांनी आकडे दोनदा तपासले आणि तिसऱ्यांदा माझ्यासमोर काढायला लावले. एकदा मी थोडं गाळलेलं पाणी गावी नेलं आणि ते कढत पाण्यात मिसळून त्यात मामाचा खरखरीत पंचा भिजवून दाखवला. सुताचे वर आलेले धागे विकरांनी खाल्ले आणि पंचा मऊ झाला. मामाने तो हातात घेऊन, असला मऊ बाळंतिणीला द्या, म्हणून परत केला. कोंबड्यांचा प्रयोग करून दाखवायची मात्र गरज पडली नाही. मामीच्या कोंबड्या माझ्या आधीपासून दिवसभर उकिरड्यावरच चरत होत्या.

प्रबंधात बुरशी कुठून मिळाली ते लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘कोकण किनारपट्टीवरील नैसर्गिकरीत्या कुजणारा वनस्पतिजन्य पदार्थ.’ सरांना हे वाक्य आवडलं. नेमकी जागा कोणती असं त्यांनी दोन-तीनदा विचारलं, तेव्हा मी ‘आत, तालुक्यात’ असं हात हलवून सांगितलं. लाज वाटत होती म्हणून सांगत नव्हते, दुसरं काही कारण नाही.

मग गेल्या वर्षी कॉलेज तपासायला समिती येणार असं कळलं. आमच्या प्राचार्यांनी फर्मान काढलं की प्रयोगशाळेतल्या टेबलांवर एकही वस्तू दिसता कामा नये. माझ्या बुरशीच्या नळ्या टेबलावरच असायच्या, कारण उष्णतेत वाढणारी बुरशी फ्रीजमध्ये ठेवली की मरते. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात ते माझ्याच शब्दांत लिहिलेलं आहे. पण त्या दिवशी मी कमरेला ओढणी खोचून आवराआवर करत होते, आणि उरलेलं झाकून फ्रीजमध्ये टाकायची घरची सवय हाताला. सगळ्या नळ्या मी पुसल्या, नवीन लेबलं लावली आणि फ्रीजच्या वरच्या फळीवर ओळीने मांडल्या. एकही बाहेर ठेवली नाही. समितीतल्या एका बाईंनी फ्रीज उघडून, इतका नेटका फ्रीज कुठे पाहिला नाही, असं सर्वांसमोर म्हटलं. मी आठवडाभर हवेत होते.

त्यानंतर गणपती, मग परीक्षा, मग पेपर तपासणी, मग दिवाळी. मधल्या काळात मी प्रबंध टाइप करत होते आणि नळ्यांकडे पाहायचं कारणच नव्हतं. दिवाळीनंतर विद्यापीठाचं पत्र आलं: बुरशी राष्ट्रीय संग्रहात जिवंत जमा करा आणि तिचा क्रमांक प्रबंधात घाला, त्याशिवाय प्रबंध स्वीकारणार नाही. मुदत मार्चअखेर, आणि मुदतवाढीचे माझे सगळे अर्ज आधीच वापरून झालेले. मी फ्रीज उघडला. नळ्या तशाच नेटक्या उभ्या होत्या. एकेक करून सगळ्या कोंड्यावर पेरल्या, आठवडाभर वाट पाहिली. एकीतूनही काही उगवलं नाही. मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि रडले, आणि मग स्वतःचं दुसरं प्रकरण काढून ते वाक्य पुन्हा वाचलं.

सर फोनवर रागावले नाहीत, त्याचा मला जास्त त्रास झाला. ते म्हणाले, जागा तीच आणि हंगामही तोच आहे, पुन्हा तिथूनच काढू. मी स्वतः येतो. आता मात्र हात हलवून भागणार नव्हतं. मी डोळे मिटून सांगितलं की सर, तो माझ्या मामीचा उकिरडा आहे. त्यांनी रविवारी चालेल का असं विचारलं.

मामीला फोन करून मी बजावलं, रविवारी माझे सर मुंबईहून आपला उकिरडा बघायला येणार आहेत, कशालाही हात लावायचा नाही. मामी हो म्हणाली.

रविवारी मी मांडव्याच्या जेट्टीवर सरांना घ्यायला गेले. सर बोटीतून उतरले ते पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरी टोपी असे. हातात बर्फाच्या पेटीऐवजी चहाचा मोठा थर्मास, कढत पाण्याने आधीच तापवून आणलेला. नमुना गार होऊ द्यायचा नाही, एवढंच ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहायचं त्यांनी टाळलं. गाडीने गावी पोचायला जेवणाची वेळ झाली.

परसात पाऊल टाकलं. उकिरडा नव्हता. त्याच्या जागी हिरवंगार सारवलेलं अंगण होतं, त्यावर ठिपक्यांची रांगोळी, मधोमध दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एका स्टुलावर झेंडूची फुलं घातलेला पेला. मामी हळदीकुंकवाला नेसते ते लुगडं नेसून दारात उभी होती. कोंबड्यांना सुद्धा टोपलीखाली झाकलं होतं. सरांनी टोपी काढली, नमस्कार केला आणि मला हळूच विचारलं, साइट कुठे आहे?

“आपण साइटवरच उभे आहोत, सर,” मी म्हटलं.

मामाने खाली बघत हकिगत सांगितली. मामीने गुरुवारी बैलगाडी बोलावली आणि सगळा उकिरडा वालाच्या शेतात नेऊन पसरला. तळाचा चिखल खरवडला, वरून पाणी मारलं, दोनदा सारवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सर समोर होते. सर म्हणाले, शेतात जाऊन बघू. तिथे ते पांढऱ्या पँटीत गुडघे टेकून बसले आणि मातीत मिसळलेलं, वाळलेलं, गार खत चिमटीने उचलत राहिले. यातून मिळेल का, मी विचारलं. मिळेल, ते म्हणाले, पण कधी मिळेल ते सांगता येत नाही, आणि मार्च कधी येणार ते सांगता येतं. परतताना बांधावरून त्यांचा पाय घसरला आणि ते चांगले कमरेपर्यंत ओहोळात बसले. मामाने त्यांना हात देऊन उठवलं आणि सरळ न्हाणीकडे नेलं.

ती संधी साधून मी स्वयंपाकघरात गेले. मामी कोंबडीचा रस्सा ढवळत होती. मी तिला बोलले, आणि बरंच बोलले. मी म्हटलं, फोनवर सांगितलं होतं ना, कशाला हात लावू नको म्हणून. माझी सहा वर्षं तू वालाच्या शेतात पसरलीस. तुला कळतं काय, असंही म्हटलं. ते मी म्हणायला नको होतं.

मामीने पळी खाली ठेवली.

“तुला वासावरून मागं बसवली व्हती, त्ये मला ठावं न्हाय व्हय?” ती म्हणाली. “दप्तरात साबन सापडला, म्हनून मी शालंत इचारून आलेली. बाय, आज तुजा सायेब आला. त्यानं पन तसंच नाक धरलं असतं, म्हंजे?”

मी साबणाची वडी इतकी वर्षं माझी एकटीची समजत होते. आणि टेबलं मोकळी करून, लेबलं लावून, फ्रीजमध्ये ओळ लावणारी मी तरी वेगळं काय केलं होतं? आम्ही दोघींनीही पाहुणे येणार म्हणून घर आवरलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिने माझ्या हातात कांदा दिला आणि चिरायला सांगितलं.

तेवढ्यात मागून मामाचा आवाज आला.

“सायेब, इसन घ्या. पानी लय ऊन हाय.”

मी सुरी हातात धरूनच थांबले. गॅसच्या एका शेगडीवर रस्सा होता, दुसरीवर भात. चूल थंड होती. मी मामीकडे पाहिलं, मामीने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघी एकदमच मागच्या दाराने धावलो.

न्हाणीच्या भिंतीला टेकून एक जुनं तेलाचं पत्र्याचं पिंप होतं, वर गोणपाटं, त्यावर नारळाच्या झावळ्या. मामीने गोणपाट ओढलं तशी आतून वाफ आली. आत पेंढा, शेण, आणि मधे एका कळशीएवढी पोकळी. मामा डोकं खाजवत उभा राहिला. गुरुवारी बैलगाडी भरत असताना त्याने मधल्या गरम भागातल्या आठ पाट्या मामीची पाठ फिरल्यावर इकडे आणून टाकल्या होत्या, आणि रोज ताजं शेण घालून ते पिंप जागतं ठेवलं होतं. मामीने त्याला जाब विचारला.

“उकिरडा तुजा,” मामा म्हणाला, “पन आंघूळ माजी हाय.”

आवाज ऐकून सर न्हाणीतून बाहेर आले. ओल्या केसांनी, कमरेला मामाचा पंचा, तोच माझ्या विकरांनी मऊ केलेला, कारण मामीने तो पाहुण्यांसाठी जपून ठेवला होता. ते तसेच पिंपापाशी उकिडवे बसले आणि थर्मामीटर मागितला. मी धावत जाऊन आणला. त्यांनी तो पेंढ्यात खुपसला, वाट पाहिली, काढून डोळ्यांजवळ नेला आणि मामाला विचारलं की विसण साधारण किती लागतं. मामाने सांगितलं, अर्धी बादली. सरांनी ते वहीत उतरवून घेतलं. तापमानाचा आकडा त्यांनी त्याच्या खाली लिहिला.

मग थर्मासचं पाणी ओतून त्यात नमुना भरला. थर्मास पुरेना म्हणून मामीने स्वतःहून बरणी आणली, या खेपेला चांगल्यातली, लोणचं दुसऱ्या भांड्यात काढून. जेवताना सरांनी रस्सा दोनदा मागून घेतला. मामी मला आतून खुणेने विचारत होती, वास येतोय का काही? मी मान हलवून नाही म्हटलं. पिंप उघडंच राहिलं होतं आणि वास चांगला घमघमत होता, पण सरांनी नाक धरलं नाही. ते मामाशी पंच्याविषयी बोलत होते.

पुढचे महिने मी कॉलेज आणि प्रयोगशाळा यांच्यापलीकडे काही पाहिलं नाही. बरणीतून पुष्कळ प्रकारची बुरशी निघाली. बहुतेक सगळ्यांची विकरं सत्तर अंशाला शिजली. फेब्रुवारीत एक निघाली, तिची शिजली नाहीत. सरांनी आकडे पुन्हा तीनदा काढायला लावले, जुन्या नोंदींशी ताडून पाहिले, आणि हीच आपली, असं म्हणून फोन ठेवला. मी तिच्या वीस नळ्या केल्या आणि टेबलावर मांडल्या. चार घरी आणल्या, दोन मामाकडे पाठवल्या. फ्रीजला मी कुलूप लावलं.

संग्रहाचा फॉर्म भरताना ‘कोठून मिळाली’ हा रकाना आला. जुनं वाक्य पाठ होतं, पेन त्याच्याकडे वळतही होतं. मी ते लिहिलं नाही. ‘घरगुती शेणाचा उकिरडा’ असं लिहिलं आणि पुढे गावाचं आणि तालुक्याचं नाव घातलं. प्रबंधातही तसंच केलं. मग मामीला फोन करून वाचून दाखवलं.

मामीने विचारलं, हे तिथे कोणी वाचेल का? मी सांगितलं, जगात कुठेही कोणी ही बुरशी मागितली की त्याला हा कागद मिळणार, आणि तो हे वाचणार.

“मंग त्यो सारवलेला व्हता,” मामी म्हणाली, “त्ये पन लिव.”

रकान्यात जागा उरली नव्हती. मी समासात, फॉर्म आडवा धरून, बारीक अक्षरात लिहिलं.